शाळेतली दादागिरी थांबवायची कशी: आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी

शाळेत कुणी रोज त्रास देत असेल तर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'लक्ष देऊ नकोस'. दुसरा, 'तूही एक ठेवून दे'. पहिला अर्धाच खरा आहे. दुसरा बहुतेक वेळा त्रास सोसणाऱ्यालाच महागात पडतो. दादागिरी थांबवायला खरा उपयोग होतो तो दोन गोष्टींचा: झालेल्या प्रकारांची तारीखवार लेखी नोंद, आणि ती नोंद पुढे ठेवून शाळेकडे केलेली नेमकी मागणी. त्या क्षणी काय बोलायचं, कुठे थांबायचं, कुणाला बरोबर घ्यायचं हे सगळं त्या दोन गोष्टी होईपर्यंत तुला सांभाळण्यासाठी आहे. तेही खाली सविस्तर दिलं आहे.

भांडण आहे की दादागिरी?

आउट-नॉटआउटवरून झालेली हातापायी, मैत्रिणींमधला आठवडाभराचा अबोला, प्रकल्पाच्या वहीवरून झालेली बोलाचाली ही भांडणं. त्यात दोघं बरोबरीचे असतात, राग दोघांनाही आलेला असतो आणि चार दिवसांनी डबा पुन्हा एकत्र उघडतो. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी १९७० च्या दशकात शाळांमधल्या दादागिरीचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यातून रूढ झालेल्या तीन खुणा आजही वापरल्या जातात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि त्रास देणाऱ्याचं पारडं जड असतं.

ही तिसरी खूण नीट पाहायला हवी, कारण पारडं फक्त अंगापिंडानेच जड होत नाही. समोर चार जणांचा घोळका असेल, त्याचे वडील संस्थेत पदावर असतील, तो कबड्डीच्या संघाचा कप्तान आणि सरांचा लाडका असेल, तू गावाकडून नवीन आलेली असशील आणि तुझ्या बोलण्याची रोज नक्कल होत असेल, आडनावावरून जात काढली जात असेल, तुझा एखादा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असेल, तर पारडं जडच आहे. वाळीत टाकणं हीसुद्धा दादागिरीच. 'हिच्या बाकावर कुणी बसायचं नाही' असं ठरवून आठवडेच्या आठवडे चालवलं जातं तेव्हा अंगावर एकही ओरखडा नसतो, आणि म्हणूनच ते मोठ्यांच्या लक्षात सगळ्यात उशिरा येतं.

त्या क्षणी काय करायचं

एकच छोटं वाक्य ठरवून ठेव. त्यात काय नको आहे ते असावं, कारण नसावं. 'बस झालं. माझी वही दे.' 'मला त्या नावाने हाक मारू नकोस.' 'हात सोड.' बोलताना पाय जमिनीवर घट्ट, हात खाली, नजर समोरच्याच्या भुवयांकडे. डोळ्यांत बघणं जमलं नाही तर भुवयांकडे बघितलेलं समोरच्याला कळत नाही. वाक्य एकदाच म्हणायचं आणि जिथे मोठं माणूस असेल त्या दिशेला चालू पडायचं: स्टाफरूम, ग्रंथालय, शिपाईमामांचं स्टूल, गेटवरचे वॉचमन. कोपऱ्यातल्या रिकाम्या वर्गाकडे किंवा स्वच्छतागृहाकडे जायचं नाही, पाठलाग झाला तर तिथे अडकायला होतं.

हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघ, भावंडाला किंवा मित्राला समोर उभं करून, दहा-बारा वेळा. मनातल्या मनात घोकलेलं वाक्य ऐन वेळी घशात अडकतं.

इथे चुका साधारण तीन होतात. पहिली, ओशाळून हसणं. आपण अवघडलो की हसू येतं, पण बघणाऱ्यांना वाटतं की मजा चालली आहे आणि पुढे चौकशीत 'तोही हसत होता की' असं साक्षीला येतं. दुसरी, खुलासे देणं. 'मी तसं म्हटलंच नव्हतं, मी फक्त…' असं सुरू केलं की समोरच्याला खेळ लांबवायला आयतं निमित्त मिळतं. तिसरी, त्याच्या घरच्यांवरून किंवा दिसण्यावरून झोंबरं उत्तर देणं. त्या दिवशी टाळ्या मिळतात, पण दुसऱ्या दिवशी तो दुप्पट तयारीने येतो आणि तक्रार झाली तर तुझंच वाक्य तुझ्यावर उलटतं. रडू आलं तर मात्र ती चूक नाही. रडत रडत चालत जाऊन सरांपाशी पोहोचलं तरी काम झालं.

अंगावर हात टाकला तर डोकं दोन्ही हातांनी झाकायचं, धरलेला हात सोडवायला ढकलायचं आणि मोठ्याने ओरडायचं. नुसतं 'सोड' असं नको, नाव घेऊन: 'रोहन, माझा हात सोड!' पाच वर्गांना ते नाव ऐकू जातं, आणि नंतर 'कोण होतं कळलं नाही' असं कुणाला म्हणता येत नाही. सुटण्यापुरता जोर लावणं हा स्वतःचा बचाव आहे. सुटल्यावर मागे वळून मारणं ही मारामारी होते. शिक्षक वळून बघतात तेव्हा त्यांना शेवटचा फटका दिसतो, पहिला नाही. मग दोघांनाही सारखीच शिक्षा होते आणि महिनाभराचा त्रास 'दोघांची भांडणं' या खात्यात जमा होतो. कर्कटक, पट्टी, दगड, बेल्ट यांतलं काहीही हातात घेऊ नकोस. एक जखम झाली की तक्रारदार तूच राहत नाहीस.

'लक्ष देऊ नकोस' कधी चालतं

त्रास फक्त बोलण्याचा असेल, एकटादुकटा देत असेल आणि त्याला तुझा भडका बघायची मजा येत असेल, तर दुर्लक्षाचा उपयोग होतो. पण सुरुवातीचे काही दिवस चिडवणं वाढतं, कारण नेहमीचं बटण दाबून दिवा लागत नाही म्हटल्यावर माणूस आणखी जोरात दाबतो. नेमकं तेव्हाच चिडलास, चिडलीस, तर 'जोरात दाबलं की लागतो' एवढंच तो शिकतो. म्हणून दुर्लक्ष करायचं तर एक पूर्ण आठवडा, न चुकता. आठवड्यानंतरही फरक नसेल तर हा उपाय सोडून दे.

मारणं, डबा-पैसे हिसकावणं, सामान फाडणं, घोळक्याने अडवणं, अंगाला नको तिथे हात लावणं, मोबाइलवरचे प्रकार यांना दुर्लक्ष लागूच नाही. तिथे पहिल्याच दिवशी सांगायचं.

नोंद

जुनी दोनशेपानी वही घे. ती दप्तरात ठेवायची नाही, घरीच ठेवायची. प्रकार घडला त्याच संध्याकाळी लिहायचं, कारण चार दिवसांनी वार आणि तास यांची सरमिसळ होते. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी याव्यात: तारीख-वार, वेळ किंवा तास, जागा, काय झालं आणि काय बोललं गेलं ते जसंच्या तसं, आणि बघणारे कोण होते. तुला काय वाटलं ते हवं तर शेवटी एका ओळीत, वेगळं लिही. नोंद अशी दिसते:

'मंगळवार, ८ जुलै. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर, पाण्याच्या टाकीजवळ. क्ष ने बाटली हिसकावून पाणी माझ्या शर्टवर ओतलं. म्हणाला, "उद्या वीस रुपये आण नाहीतर सायकल बघ." बरोबर य आणि ज्ञ होते. नववी अ मधल्या दोघी नळावर होत्या, त्यांनी पाहिलं. पुढच्या तासाला ओल्या शर्टाने बसलो, बाईंनी विचारलं तेव्हा नळ उडाला असं सांगितलं.'

शेवटचं वाक्यही लिहायचं. बाईंना शर्ट ओला दिसला होता, हे पुढे कामाला येतं.

गाळीव, सभ्य शब्द लिहू नकोस. शिवी दिली असेल तर ती शिवीच लिही, जातीवरून बोलला असेल तर तोच शब्द. पैसे घेतले असतील तर दर वेळचा आकडा लिहून बेरीज ठेव. फाटलेला शर्ट, तुटलेली कंपासपेटी टाकून देऊ नका. वळ उठला असेल तर दिवसाच्या उजेडात दोन फोटो काढा, एक लांबून चेहऱ्यासकट आणि एक जवळून शेजारी पट्टी धरून. दुसऱ्या दिवशी वळ काळानिळा पडतो तेव्हा पुन्हा काढा. डॉक्टरकडे जावं लागलं तर केसपेपरवर 'पडल्यामुळे' असं लिहू देऊ नका.

एवढी उस्तवार कशासाठी? मुख्याध्यापक पहिला प्रश्न विचारतात, 'कधी झालं?' त्यावर 'रोजच करतो, सर' हे खरं असलं तरी त्यावर काही करता येत नाही. '१६ जून ते ११ जुलै, सात वेळा, त्यातले चार प्रकार सायकल स्टँडवर' हे ऐकल्यावर मात्र तो विषय चिडवाचिडवीचा राहत नाही.

दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की त्यातला नेम दिसायला लागतो. बहुतेक प्रकार तीन-चार ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी होतात, आणि त्या जागी नेमकं कुणी मोठं नसतं: दोन तासांमधली पाच मिनिटं, पीटीचे कपडे बदलायची खोली, प्रयोगशाळेकडचा जिना, शाळा सुटल्यावर क्लासपर्यंतचा रस्ता, व्हॅनची मागची सीट. त्या ठिकाणी जायची तुझी वेळ किंवा जागा बदलून बघ. स्वच्छतागृहात तास चालू असताना परवानगी घेऊन जा. व्हॅनमध्ये ड्रायव्हरकाकांच्या मागची सीट धर. सायकल गेटजवळ, वॉचमनच्या नजरेत लाव. ही तात्पुरती सोय आहे. त्यापायी मैदान, ग्रंथालय, आवडता खेळ सोडून द्यायला लागू नकोस. जागा त्याने सोडायची आहे.

बरोबरचे

एकट्याला गाठणं सोपं असतं, म्हणून बरोबर एक जण हवा. दहा जण गोळा करायची गरज नाही. 'मला मदत कर' असं मोघम म्हटलं की समोरच्याला काय करायचं ते कळत नाही, म्हणून नेमकं माग: 'शाळा सुटल्यावर सायकल स्टँडपर्यंत माझ्याबरोबर येशील का, या आठवड्यात?'

आणि तू स्वतः बघ्यांपैकी असशील तर हे तुझ्यासाठी. कॅनडातल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की मुलांनी मध्ये पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. मध्ये पडणं म्हणजे छाती काढून उभं राहणं नव्हे. त्याच्याकडे न बघता जिला त्रास होतोय तिला हाक मारायची: 'चल, बाईंनी बोलावलंय वही घेऊन.' घोळक्यात असशील तर निदान हसायचं नाही, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा नाही. संध्याकाळी तिला सांगायचं, 'मी बघितलंय, नोंदीत माझं नाव लिही.' चौकशीत असा एक साक्षीदार असला की प्रकरणाचा रंगच बदलतो.

सांगणं

बाईंना नाव सांगणं म्हणजे चुगली, हे दादागिरी करणाऱ्यांच्या फायद्याचं गणित आहे. कुणाला अडकवायला सांगितलं तर ती चुगली. स्वतःला किंवा दुसऱ्याला सोडवायला सांगितलं तर ती तक्रार.

आधी घरी सांग. आई-बाबा दोघं घाईत असताना, ताट वाढताना नको. जेवणं झाल्यावर वही पुढे ठेवून, 'हे आधी वाचा, मग बोलू' म्हण. बहुतेक मुलं गप्प राहतात ती 'बाबा उद्या शाळेत येऊन तमाशा करतील' किंवा 'मोबाइल काढून घेतील' या भीतीने. ती भीती पहिल्याच वाक्यात बोलून टाक: 'मी सांगते, पण मला विचारल्याशिवाय कुणाला फोन करायचा नाही.' घरी सांगण्यासारखी परिस्थिती नसेल तर मावशी, काका, आत्या, मोठा चुलतभाऊ, क्लासचे सर, यांपैकी ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एका मोठ्या माणसाला. तेही नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

मग वर्गशिक्षक. वर्गात सगळ्यांसमोर नाही आणि तास संपल्यावर टेबलाभोवती गर्दी असतानाही नाही. पालकांनी वेळ मागून घेऊन, शाळा सुटल्यावर. 'त्याला चांगली अद्दल घडवा' ही मागणी करू नका. सर चार छड्या मारतील, कदाचित, आणि त्याचा राग तुझ्यावर निघेल. शिवाय शाळेने मुलांना मारणं हे शिक्षणहक्क कायद्यातच निषिद्ध आहे. आपल्याला नोंदवहीतून निघालेले बदल मागायचे आहेत: दोघांचे बाक दूर करणं, मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ एका शिक्षकाची फेरी, प्रात्यक्षिकाच्या गटात वेगळं ठेवणं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बसून आढावा घ्यायची ठरलेली तारीख.

इथे एक जुना घोळ होतो. बाई दोघांना समोरासमोर उभं करतात, 'हात मिळवा, एकमेकांना सॉरी म्हणा' म्हणतात आणि प्रकरण मिटलं असं धरतात. बरोबरीच्या भांडणात हे चालतं. दादागिरीत मात्र जड पारड्याच्या मुलासमोर तुला सगळं बोलायला लावलं जातं, तू अर्धंच बोलतेस, तो शहाण्यासारखा सॉरी म्हणतो आणि जिन्यात गाठून हिशेब चुकता करतो. पालकांनी आधीच विनंती करावी: 'दोघांशी वेगवेगळं बोला, आणि साक्षीदार मुलांशीही एकेकाशी.'

लेखी अर्ज

तोंडी सांगून आठवड्यात फरक पडला नाही, किंवा प्रकार मारहाणीचा असेल, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यायचा. एक पान पुरे. नमुना असा:

'प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: इयत्ता ९ वी ब मधील विद्यार्थ्याकडून होणाऱ्या वारंवार त्रासाबाबत. महोदय, माझा मुलगा (नाव, हजेरी क्रमांक) याला १६ जून ते ११ जुलै या काळात याच वर्गातील (नाव) याने सात वेळा मारहाण, धमकी व पैशांची मागणी केली. तारीखवार तपशील सोबत जोडला आहे. दि. १ जुलै रोजी वर्गशिक्षकांना तोंडी कल्पना दिली होती. त्यानंतरही तीन प्रकार घडले आहेत. कृपया चौकशी करून दोघांची बसण्याची जागा वेगळी करावी, सायकल स्टँडवर शाळा सुटताना शिक्षकांची उपस्थिती ठेवावी व केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी.'

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. या पोचेशिवाय बाहेर पडू नका. अर्ज 'आलाच नव्हता' असं म्हणण्याची सोय तिथेच बंद होते. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. मूळ नोंदवही देऊ नका, फक्त झेरॉक्स जोडा.

महाराष्ट्रात या अर्जाला कायद्याचं बळ आहे, आणि ते फार थोड्या पालकांना ठाऊक असतं. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ हा फक्त इंजिनिअरिंग-मेडिकल कॉलेजांच्या होस्टेलपुरता आहे असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या शिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेला लागू पडेल इतकी रुंद आहे, वसतिगृह आणि शिकवणी वर्गही तिच्यात येतात. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा, भीती, लाज वाटेल असं वागणं, म्हणजे चिडवणं, शिवीगाळ, धमकी, मारणं, नको ते करायला लावणं, हे सगळं त्या कायद्यात रॅगिंगमध्ये धरलं आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांनी लेखी तक्रार दिल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते, आणि हे टाळलं तर त्या टाळण्यालाही कायदा गुन्ह्याला मदत समजतो. पहिल्याच अर्जात हा कायदा फेकून मारू नये असं आमचं मत आहे. शाळा बचावात गेली की मुलाकडे लक्ष कमी आणि कागदांकडे जास्त जातं. दुसऱ्या अर्जात मात्र जरूर उल्लेख करा.

शाळेतल्या तक्रारपेटीचा उपयोग पालकांना मध्ये आणता येत नसेल तर होतो. चिठ्ठीत तारीख, जागा, नाव हे तिन्ही लिही, नाहीतर उघडणाऱ्याला काही करता येत नाही. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्यातल्या सदस्यांची नावं शाळेत विचारून घ्या.

शाळा हललीच नाही तर पुढची पायरी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत आपल्या विभागाचे शिक्षण निरीक्षक. सीबीएसई शाळा असेल तर बोर्डाच्या विभागीय कार्यालयालाही लिहा, शाळांनी दादागिरीविरोधी समिती नेमावी अशा सूचना त्या बोर्डाने २०१५ मध्येच दिल्या आहेत. महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही तक्रार करता येते. प्रत्येक ठिकाणी आधीच्या अर्जाची शिक्का असलेली प्रत जोडायची.

मोबाइलवरचा त्रास

इथे क्रम महत्त्वाचा: आधी पुरावा, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. बरेच जण रागाच्या भरात आधी ब्लॉक करतात आणि ग्रुप सोडतात, मग हाती काही उरत नाही. उत्तर देऊ नकोस. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसली पाहिजे आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. तू त्याचं नाव 'माकड' म्हणून सेव्ह केलं असेल तर स्क्रीनशॉटवर 'माकड' दिसतं, नंबर नाही. त्याच्या प्रोफाइलचा नंबरसकट वेगळा स्क्रीनशॉट घे. व्हॉट्सअॅप ग्रुप सोडण्याआधी एक्स्पोर्ट चॅट करून ती फाइल आईच्या मेलवर पाठव. मेसेज पाठवणाऱ्याला नंतर खोडता येतो, म्हणून दिसताक्षणी स्क्रीनशॉट. इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढलं असेल तर त्याचं यूजरनेम आणि प्रोफाइलची लिंक टिपून ठेव. ब्लॉक केल्याचं कळलं तर तो आणखी चिडेल असं वाटत असेल तर 'रिस्ट्रिक्ट' वापर. त्याच्या कमेंट इतरांना दिसत नाहीत, मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात, आणि त्याला पत्ता लागत नाही.

खासगी फोटो पसरवला किंवा पसरवायची धमकी दिली तर पैसे देऊ नकोस आणि 'शेवटचा एक' म्हणून दुसरा फोटो तर मुळीच पाठवू नकोस. एकदा दिलं की मागणी थांबत नाही. फोटो एआयने बनवलेला असला तरी तेच नियम. पुरावा म्हणूनसुद्धा तो फोटो मैत्रिणींना, शिक्षकांना फॉरवर्ड करू नका. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीचा असा फोटो पुढे पाठवणं हाच गंभीर गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत तुझ्याच फोनवर त्या फोटोचा डिजिटल ठसा तयार होतो, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आणि सहभागी असलेल्या इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या ठिकाणी तो सापडला तर काढला जातो.

थेट पोलिसांकडे कधी

हत्यार दाखवलं, टाके पडावेत असा मार लागला, लैंगिक स्पर्श किंवा जबरदस्ती झाली, फोटोवरून धमकी आली, तर शाळेच्या सात दिवसांची वाट पाहायची नाही. तातडीला ११२. लैंगिक प्रकाराला २०१२ चा पोक्सो, म्हणजे अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा लागतो, आणि त्यात माहिती असूनही न कळवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे शाळेला 'आपण इथेच मिटवू' म्हणायचा अधिकार नाही. जबाब मुलीच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी घेता येतो आणि जबाब घेणाऱ्यांनी गणवेशात नसावं असा नियम आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला चारचौघांत जातीवरून अपमानित केलं असेल तर अॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. नोंदीतला शब्दशः मजकूर तिथे उपयोगी पडतो.

प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ठाण्यात गेल्यावर त्यांनाच भेटायचं आहे असं सांगा. त्रास देणाराही अठराच्या आतला असेल तर त्याला लॉकअपमध्ये टाकत नाहीत, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. हे आधी माहीत असलेलं बरं, कारण 'एका मुलाचं आयुष्य बरबाद कराल' असं सांगून पालकांना परत पाठवलं जातं.

आई-बाबांसाठी

रविवारी संध्याकाळी पोटात दुखणं, डबा तसाच परत येणं किंवा घरी आल्याबरोबर भुकेने तुटून पडणं, वह्या-पेनं सारखी 'हरवणं', शाळेचा रस्ता बदलणं, मोबाइल वाजला की दचकणं, यांतलं दोन-तीन आठवडे दिसत असेल तर 'अभ्यास टाळतोय' असा निष्कर्ष काढू नका. 'तुला कुणी त्रास देतं का?' याला उत्तर 'नाही' येतं. 'मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खातोस?' याला खरं उत्तर येण्याची शक्यता जास्त.

मुलाने सांगितल्यावर 'तू काय केलं होतंस?' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. गेटवर त्या दुसऱ्या मुलाला गाठून दम देऊ नका, तो अल्पवयीन आहे आणि तक्रार तुमच्यावर होईल. त्याच्या घरी जाऊन बोलणंही शाळेमार्फतच व्हावं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचं नाव टाकू नका.

झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशी भाषा येत असेल, हातावर ओरखडे दिसले असतील, तर अर्ज-चौकशी बाजूला ठेवून आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि शाळेतून फोन आला की तुमचाच मुलगा त्रास देतोय, तर लगेच 'आमचा असा नाही' म्हणू नका. तारखा मागा, वाचा, आणि त्याच्याकडून घेतलेल्या पैशांची, फाडलेल्या वस्तूंची भरपाई त्याच्या हाताने, शाळेत, शिक्षकांसमोर करवून घ्या. घरी बेदम मारणं हा उपाय नाही. जोर असला की चालतं, हाच धडा त्याला तिथून पुन्हा मिळतो.

तक्रारीनंतर

तक्रारीनंतरचा पहिला आठवडा अनेकदा आधीपेक्षा वाईट जातो. टोमणे येतात, 'चुगलखोर' म्हणतात, घोळक्यातला दुसराच कुणीतरी पुढे येतो. त्या आठवड्यात नोंदवही बंद करायची नाही, उलट रोज लिहायची, काही झालं नाही तर 'आज काही नाही' असं लिहायचं. शाळेने दिलेल्या आढाव्याच्या तारखेला पालकांनी जायचंच, शाळेकडून फोन यायची वाट न पाहता. तीन आठवड्यांत 'आज काही नाही' वाढत गेलं तर उपाय लागू पडतोय. नुसतं स्वरूप बदललं असेल, मार थांबून वाळीत टाकणं सुरू झालं असेल, तर नव्या तारखांसह दुसरा अर्ज.

शाळा बदलणं हा शेवटचा पर्याय. शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाऊनही सुरक्षितता मिळत नसेल तर तो घ्यावा, आणि त्यात कमीपणा नाही. दाखला काढण्याआधी नव्या शाळेत प्रवेश नक्की करून घ्या. दहावीत असाल तर बोर्डाचा परीक्षा फॉर्म भरण्याआधीच निर्णय घ्या, फॉर्म गेल्यावर शाळा बदलणं फार किचकट होतं. नव्या शाळेच्या वर्गशिक्षकांना पहिल्याच आठवड्यात थोडक्यात कल्पना द्या, आणि जुन्या शाळेतले अर्ज, पोच आणि नोंदवही दहावीचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.